डोक्याचं माप

"नंदू, त्या ओवेनच्या डोक्याचं माप किती रे?"

बंगळूरला इंदिरानगरच्या बाराव्या मेन रस्त्यावर, एका कॉफीच्या दुकानासमोर, फूटपाथच्या हलणाऱ्या लादीवर एक पाय ठेवून नंदकुमार राव उभा होता आणि राजाजीनगरहून त्याची थोरली बहीण मथुराक्का त्याला फोनवर हे विचारत होती. त्यानं "कोणाच्या?" असं म्हणून थोडा वेळ मिळवला. सदुसष्टाव्या वर्षीही थोरल्या बहिणीपुढे वेळ मिळवावा लागतो. "अय्यो, ओवेनच्या. तुझ्याबरोबर आलाय तो. दुसऱ्या कोणाचं माप मागू मी? दोरा घे. भुवईच्या वर दोन बोटं सोडून धर, कानांच्या वरनं ने, मागं टोक येतं तिथं खूण कर. ओढू नको, सैल पण नको. बुधवारी दोघं जेवायला येणार ते ठरलंय, पण माप आजच पाहिजे. सरी?" आणि तो सरी म्हणायच्या आत फोन बंद झाला.

तो तिथंच उभा राहिला. मागून एक डिलिव्हरीवाला स्कूटर घेऊन फूटपाथवर चढला, "सार, स्वल्प साइड" म्हणाला, तेव्हा त्यानं साइड दिली. अकरा वर्षांत अक्कानं हे नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. थंडी किती, गुडघा कसा, लोणचं पोचलं का, अक्काच्या गिरीराजच्या मुलीला कुठल्या शाळेत घातलं. लंडनच्या त्या घरात आणखी एक माणूस श्वास घेतो, चहा करतो, फोनच्या मागं पेपर चुरगाळतो याची अक्काच्या बोलण्यात कधी खूण नसे. आणि आज एकदम नाव, तेही डोक्यासकट. नंदकुमारला हसू आलं आणि हसू येतंय तोवरच भीतीही वाटली. चांगल्या गोष्टीची भीती वाईट गोष्टीच्या भीतीपेक्षा जास्त लागते, कारण वाईट घडलं तर निदान आपण म्हणत होतो तसंच झालं असं म्हणता येतं.

कारण त्यांच्या घरात डोक्याचं माप विचारणं ही साधी गोष्ट नव्हती. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, विठोजीरावांचं, चिकपेटेच्या बाजारात पेट्यांचं, तयार पगड्यांचं, दुकान होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर हे घराणं इकडे आलं असं अण्णा सांगायचे. तलवारी कधीच गेल्या, डोकी तेवढी राहिली, म्हणून डोक्यांचा धंदा धरला असं पुढे आणखी सांगायचे. अण्णा माणसाचं नाव विसरत, माप विसरत नसत. दुकानात पेटे दोन प्रकारचे. एक सभेचा, आत इलॅस्टिकची पट्टी, मंत्र्याला बसेल आणि पैलवानालाही बसेल. या गावात कुणाचाही सत्कार झाला की गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल आणि डोक्यावर तो पेटा. नंदकुमारलाही गेल्या आठवड्यात एक मिळाला होता, ओवेनलाही मिळाला होता, दोघांच्याही भुवयांवर लाल वळ उठले होते. दुसरा पेटा लाकडी ठोकळ्यावर बांधलेला, त्या एकाच डोक्यासाठी. घरातल्या कुणासाठी अण्णा तसा पेटा बांधत, तो एकाच माणसासाठी: जावयासाठी. मथुराक्काचं लग्न ठरलं तेव्हा मानसिंग भावोजींना खुर्चीत बसवून अण्णांनी दोरा काढला होता आणि भावोजी, जे पुढं आयुष्यभर कुणाला भ्याले नाहीत, ते दोरा कपाळाला लागताच डोळे मिटून बसले होते. नंदू तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्याला तेव्हाच वाटलं होतं की असं आपल्याही माणसाला कुणी बसवावं. आपलं माणूस म्हणजे कोण, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. किंवा होतं, पण त्याला नाव नव्हतं. आता दुकान अक्काचा मुलगा गिरीराज चालवतो आणि जमाना असा आला आहे की न्यू जर्सीतले नवरदेवसुद्धा आपली डोकी मोजून फोनवर आकडा धाडतात. म्हणजे माप मागितलं म्हणून काही सिद्ध होत नव्हतं. परदेशी पाहुणा आहे, टकलावर ऊन लागतं, गिरीराजला एक पेटा जड नाही, एवढंही असू शकत होतं.

खोलीवर परत जाताना तो दोनदा रस्ता चुकला. इंदिरानगर त्याच्या लहानपणी नव्हतंच म्हणायला हवं. होती ती माळरानं आणि तुरळक बंगले. पण रस्ता चुकला तो त्यामुळे नव्हे. तो त्या वेळी अकरा वर्षांपूर्वीच्या स्वैपाकघरात होता, लंडनमध्ये, खिडकीबाहेर मार्चचं फिकं ऊन, ओवेन मुद्दाम बागेत जाऊन वाळलेल्या गुलाबाला पाणी घालतोय. "अक्का, मी लग्न केलं. ओवेनशी." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिसऱ्या शिट्टीनंतर अक्का म्हणाली, "सरी," आणि लगेच, "तिकडे अजून थंडी आहे का?" बस्स. कन्नडात सरी म्हणजे ठीक, बरं, कळलं, पुढं बोल, पुरे कर, यातलं काहीही. नंदकुमारनं तो शब्द अकरा वर्षं उलटापालटा करून पाहिला होता. एवढ्या वर्षांच्या अभिनयात त्यानं एकाच शब्दाचे वीस अर्थ स्वतः करून दाखवले होते, पण बहिणीच्या एका शब्दाचा एक अर्थ त्याला लागत नव्हता. दर वेळी तो पुढचं वाक्य बोलायचं ठरवी, आणि दर वेळी लोणच्यावर थांबे.

आणि हा माणूस काही भित्रा नव्हे. विलायतेत त्याची कारकीर्द सुरू झाली ती मेल्यानं. पोलिसांच्या मालिकेत तो कोपऱ्यावरचा दुकानदार होता आणि नावं पडद्यावर यायच्या आत त्याचा खून झाला. पहिल्या पाच वर्षांत तो असा तीनदा मेला. दोनदा टॅक्सी चालवली, एकदा विमानतळावर अडवला गेला, आणि "आणखी पापड, सर?" हे वाक्य तर त्यानं इतक्या मालिकांत म्हटलं की ओवेन अजूनही घरात पापड भाजला की ते म्हणतो. मग डॉक्टर सेन मिळाला. मंगळवारी रात्री लागणारी इस्पितळाची मालिका. सेन का, तर लेखकाला भारतातलं तेवढंच एक आडनाव न चुकता लिहिता येत होतं. उभं राहायची जागा दाखवायला जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीकडे न बघता बरोबर तिच्यावर येऊन थांबायचं, नाडी धरायची, वाक्य म्हणायचं, पहिल्याच टेकला ओके. सेटवर त्याला एका टेकचा नंदू म्हणत. घराघरात लोक डॉक्टर सेनवर जीव टाकू लागले. ओवेन तोवर त्याच्या आयुष्यात आला होता. शाळेत भूगोल शिकवणारा, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, हसला की मान खाली घालणारा. आणि त्या काळी तिथं एक कायदा झाला होता, शाळांमधून असल्या गोष्टीला थारा द्यायचा नाही अशा अर्थाचा. नद्या कुठून निघून कुठं मिळतात ते ओवेन मुलांना सांगे, शाळा सुटल्यावर आपण कुठं जातो ते सांगू शकत नसे. शाळेच्या कार्यक्रमाला नंदकुमार गेला तर शेवटच्या रांगेत बसे, अनोळखी पालकासारखा. एकदा ओवेनचा सत्कार झाला आणि नंदकुमारला टाळ्यासुद्धा बेताच्या वाजवाव्या लागल्या. त्या दिवशीचा राग घेऊन तो पुढल्या शनिवारी त्या कायद्याविरुद्धच्या मोर्चात गेला.

मोर्चातला फोटो पेपरात आला. निर्मात्यानं बोलावून चहा पाजला. इंग्लंडमध्ये वाईट बातमी चहाबरोबरच देतात. डॉक्टर सेनची बदली स्कॉटलंडला करू या म्हणाला, हळूहळू प्रेक्षक विसरतील. त्याच आठवड्यात नंदकुमार एका मुलाखतीच्या कार्यक्रमात जाऊन बसला आणि सगळ्या देशासमोर म्हणाला की हो, मी असा आहे, माझा माणूस आहे, तो जगातला उत्तम माणूस आहे, आणि डॉक्टर सेनला स्कॉटलंडची थंडी सोसत नाही. दुसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर एका म्हातारीनं त्याची बाही धरली. त्याला वाटलं, आता थुंकते. ती म्हणाली, "स्कॉटलंडला जायचं नाही हं. माझा गुडघा तूच बघायचास." डॉक्टर सेन राहिला. घाण पत्रंही आली, एकदा खिडकीची काचही फुटली, पण नंदकुमारला आठवते ती म्हातारीच. मग सभा, शाळांच्या दारांत भाषणं, खासदारांच्या गाठी. कायदा रद्द झाला त्या दिवशी ओवेननं वर्गात जाऊन फळ्यावर थेम्स नदी काढली आणि तिच्या काठी एक छोटं घर काढून म्हणाला, इथं मी आणि नंदू राहतो. मुलांनी विचारलं, डॉक्टर सेन? आणि वर्ग डोक्यावर घेतला. एवढं सगळं ज्यानं केलं, लाखो अनोळखी लोकांसमोर ज्याची जीभ अडखळली नाही, तो राजाजीनगरातल्या एका शहात्तर वर्षांच्या बाईपुढं लोणच्यावर थांबतो. नंदकुमारला हे कुणी नाटकात लिहून दिलं असतं तर तो म्हणाला असता, पटत नाही, बदला.

दुपारी त्याचं बोलणं होतं, जवळच्याच एका हॉलमध्ये. त्याच्यासाठीच तर असल्याच हक्कांसाठी झटणाऱ्या इथल्या तरुण मंडळींनी त्याला लंडनहून बोलावलं होतं. टीव्हीवरचा अभिनय शिकवायचा आणि शेवटच्या दिवशी आपल्या लढ्याबद्दल बोलायचं. सूत्रधार सिद्धी, पुण्याची, इथं आयटीत. "सर, तुम्ही आमच्यासाठी लेजेंड आहात," हे ती पहिल्या दिवसापासून रोज म्हणत होती आणि रोज मनापासून म्हणत होती. प्रश्नांच्या वेळी तिनंच माइक हातात घेतला. "सर, घरी पहिल्यांदा कोणाला सांगितलंत? आणि रिअॅक्शन काय होती?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार असे. बहीण, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि सरी. जगभर त्या तिसऱ्या शिट्टीला हशा येई. आज त्यानं सुरुवात केली आणि दुसऱ्या शिट्टीलाच थांबला. हॉल वाट पाहत होता. त्याला एकदम जाणवलं की अकरा वर्षं आपण अक्काला घेऊन लोकांना हसवतोय आणि तिला एकदाही विचारलेलं नाही. "त्याच बहिणीनं," तो म्हणाला, "आज सकाळी माझ्याकडे ओवेनच्या डोक्याचं माप मागितलं. का, ते मला माहीत नाही. बुधवारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो की कळेल." मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा हॉल हसला, पण तो नेहमीचा हशा नव्हता; त्यात काळजी होती. नंतर सिद्धी त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. "सर, मी अजून आईला सांगितलं नाहीये. ती पुण्यातच असते. म्हणजे सांगेन, बट... तुमचं बुधवारी काय होतं ते मला कळवाल? प्लीज?" तिच्या चेहऱ्यावर सगळं इतकं उघड दिसत होतं की त्याला दुसरीकडे बघावं लागलं. कळवतो, तो म्हणाला.

संध्याकाळी बाल्कनीत त्यानं ओवेनला खुर्चीत बसवलं. दोरा सापडला नाही म्हणून बुटाची नाडी घेतली. समोरच्या गुलमोहरावर पोपटांचा गलका चालला होता. "हे कशासाठी?" ओवेननं विचारलं. "अक्काला पाहिजे." "बरं," म्हणून ओवेननं चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि मान सरळ केली. शिक्षकाचं डोकं, टक्कल बंगळूरच्या उन्हानं गुलाबी झालेलं, डाव्या बाजूला लहानपणी पडल्याचा वण. भुवईच्या वर दोन बोटं. कानांच्या वरून. नाडी कपाळाला लागली आणि ओवेननं डोळे मिटले. कुणी सांगितलेलं नसताना मिटले. नंदकुमारच्या हातातून नाडीचं टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. या डोक्याशेजारी तो छत्तीस वर्षं झोपला होता आणि त्याचं माप त्याला माहीत नव्हतं. तो विठोजीरावांचा मुलगा. त्याला इतकं प्रेम दाटून आलं की माप घ्यायचं सोडून तो तसाच त्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग घाईघाईनं नाडीवर कुठंतरी नखानं खूण करून त्यानं गिरीराजला आकडा कळवला.

बुधवारी ते मेट्रोनं निघाले. मॅजेस्टिकला गाडी बदलली. ओवेन दाराच्या वरचा नकाशा वाचत होता, नकाशा दिसला की त्याला दुसरं काही सुचत नाही, आणि नंदकुमार मनातल्या मनात पाठ करत होता. अक्का, मला तुझ्याशी बोलायचंय. अक्का, ओवेन हा माझा पाहुणा नव्हे. पुढं अडायचं. त्याच्या लक्षात आलं की आपली मराठी बाविसाव्या वर्षी, देश सोडला तिथंच, थांबली आहे. ताक माग, पैसे माग, अण्णांची नक्कल कर, एवढ्यापुरती ती चोख होती, पण तिच्यात कधी त्यानं प्रेमाबद्दल एक वाक्य बोललेलं नव्हतं. इंग्रजीत जी भाषणं पाण्यासारखी व्हायची ती या भाषेत त्याच्या तोंडात खड्यासारखी लागत होती. आज बोलायचंच. जेवणानंतर, अक्का सुपारी घेऊन बसली की. ती गप्प राहिली तर? ती पुन्हा थंडीबद्दल बोलली तर? तर मात्र रविवारचे फोन तो कसे करणार होता, हे त्याला सुचत नव्हतं. सिद्धीला काय कळवणार होता, तेही.

अक्का फाटकातच उभी होती. चॉकलेटी काठाची मोरपंखी साडी, पाठीला बाक, डोळे मात्र तेच. गिरीराजची बायको रम्या ताट घेऊन आली आणि भाकरीचा तुकडा दोघांवरून ओवाळून बाहेर टाकला. लांबून आलेल्या कुणावरूनही ओवाळतात, नंदकुमारनं स्वतःला बजावलं. टीव्हीवर आपण कुठल्या प्रसंगात उभे आहोत ते आधी कळवलेलं असतं. इथं हातात काहीच कागद नव्हता. आत दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. "गिरी, खुर्ची दे रे त्यांना," अक्का म्हणाली. "पाटावर बसायचं वय आहे का? पाट पायाखाली सरकव. तेवढं पुरे देवाला." ओवेन खुर्चीत बसला, पाय पाटावर, रांगोळीला धक्का लागू नये म्हणून गुडघे जवळ घेऊन. नंदकुमार शेजारच्या पाटावर बसला. त्याला खाली बघायची सवय नव्हती, पट्टी न बघता जागेवर यायचं हाच सगळा जन्म. पण आज त्यानं खाली बघितलं. दोन्ही पाटांभोवतीची रांगोळी एकच होती. रेघ कुठं तुटली नव्हती.

मग ताटं आली. कोशिंबीर, लिंबू पिळलेला चित्रान्नाचा भात, कोबीची सुकी भाजी म्हणजे पल्य, वरण, आणि ओवेनच्या ताटात मधोमध दोन मोठे, गोल, कणकेचे तळलेले गोळे, अक्कानं त्यातला एक फोडून वर तुपाची धार धरली तेव्हा आतलं पुरण पिवळंधमक दिसलं. नंदकुमारच्या ताटात ते नव्हते. गिरीराजच्याही नव्हते. शेजारी चांदीच्या ताटलीत अनारशांची रास आणि वर दिवा. त्याला ते पदार्थ ओळखायला वेळ लागला. पंचेचाळीस वर्षांत पाहिले नव्हते. मग वास आधी आठवला आणि पाठोपाठ मानसिंग भावोजी आठवले, ताटातल्या तसल्याच गोळ्यांकडे बघून "सासूबाई, एक पुरे" म्हणणारे.

"अक्का," तो म्हणाला, "हे धोंडे आहेत?"

"मग काय इडल्या आहेत? अधिक महिना चाललाय. तुमच्या लंडनात कॅलेंडर नाही?" अक्का तूप वाढतच होती. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला घालतात. तुला घालत नाहीत. तू आपलं चित्रान्न खा."

जावयाला. ते ती इतक्या सहज म्हणाली होती, आमटी वाढू का म्हणावं तसं. नंदकुमारनं तोंड उघडलं आणि मेट्रोत पाठ केलेलं एकही वाक्य सापडेना. त्याऐवजी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, सरळ ताटात, आणि त्यानं ते थोपवायचा प्रयत्नही केला नाही. ओवेन घास तोंडात घेऊन थांबला. "मी काही चुकीचं खाल्लं का?" त्यानं इंग्रजीत घाबरून विचारलं. रम्या इंग्रजीत म्हणाली, नाही, बरोबर तेच खाल्लंत.

"अय्यो, आता रडायला काय झालं?" अक्का खाली टेकली, त्याच्या पाटाशेजारी, गुडघा धरत.

"अकरा वर्षं तू काही बोललीच नाहीस."

"काय बोलू? मला कळेना, याचं करायचं काय." अक्काचा आवाज एकदम तापला. "तू म्हणालास लग्न केलं. सरी, केलंस. चांगलं केलंस. पण पुढं? तू या घरचा मुलगा. मुलाचं माणूस म्हणजे सून. सुनेची ओटी भरायची, साडी नेसवायची. फोटोत बघितलं तर हा सहा फूट, डोक्यावर केस नाहीत. याला साडी नेसवू? जावई म्हणावं, तर या घरात लेक मी, आणि माझा जावई कसा होईल हा? अण्णा असते तर अण्णांचा जावई. भटजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात नाही. म्हटलं, शास्त्रात तुमचा मोबाइल पण नाही, तो बरा चालतो." रम्यानं पदर तोंडाला लावला. "शेवटी माझं मीच ठरवलं. सुनेपेक्षा जावई सोपा. धोंडे केले की झालं. दर अधिकाला करतेय. एक याच्या नावाचा काढून ठेवायची. गिरी खायचा."

"छान व्हायचे," गिरीराज मान खाली घालून म्हणाला. "मामा, आज पहिल्यांदाच मला नाही मिळाला."

"पण अक्का, फोनवर एकदा तरी सांगायचंस!"

"फोनवर जेवायला वाढतात? जावई घरी येऊ दे, ताट मांडू, मग बोलू. तू यायचा म्हणजे एकटा यायचा, नाही तर यायचाच नाही. मी म्हटलं, याच्या मनात त्याला आणायचं नाही. आम्ही जुनी माणसं. लाज वाटत असेल आमची."

म्हणजे ती तिकडे बसून हे म्हणत होती. तो लंडनमध्ये लोणच्यावर थांबत होता आणि ती राजाजीनगरात धोंडे काढून ठेवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपली लाज वाटते. त्याला हसू फुटलं, रडणं न थांबता हसू फुटलं, आणि अक्काही हसली, दात नसलेल्या बाजूनं, अगदी अण्णांसारखी. त्यानं तिचा हात धरला. हाताला तूप होतं. अकरा वर्षं पोटात धरून ठेवलेली गाठ इतकी बिनबोभाट सुटली की तिची जागा रिकामी लागत होती आणि त्या रिकाम्या जागेत त्याला सडकून भूक लागली. त्यानं दोनदा चित्रान्न मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर गिरीराजनं खोक्यातून पेटा काढला. जांभळा, जरीचा काठ, ठोकळ्यावर बांधलेला. अक्कानं अण्णांच्या जागी उभं राहून दोन्ही हातांनी तो ओवेनच्या डोक्यावर ठेवला आणि पेटा सरकत थेट त्याच्या चष्म्यावर येऊन बसला. पेट्याखालून ओवेनचं नाक आणि मोठं हसू तेवढं दिसत होतं.

"माप कोणी घेतलं?" अक्कानं विचारलं.

"मी."

"विठोजीरावांचा मुलगा म्हणे." तिनं कपाळाला हात लावला. गिरीराजनं एक रुमाल घडी करून आत बसवला, पेटा वर आला आणि ओवेनचे डोळे दिसले. ते पाणावलेले होते. त्याला यातलं किती कळलं होतं कोण जाणे. पण वर्गात इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस, त्याला पुरेसं कळलं असावं.

"आता देवाला नमस्कार करा आणि अण्णांच्या फोटोला," अक्का म्हणाली. दोघं उठले. देवघराच्या दारात रम्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून आडवी उभी. "असं नाही जायचं मामा. नाव घ्या."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? ओटी चुकली, साडी चुकली, एवढं तरी करा. आम्ही नाही घेतलं? माझ्या वेळी तुम्ही व्हिडिओ कॉलवरून ओरडत होता, नाव घे, नाव घे."

नंदकुमार उभा राहिला. कॅमेऱ्यापुढं, मोर्चापुढं, खासदारांपुढं तो कधी असा अडला नव्हता. त्यानं ओवेनकडे बघितलं. ओवेन पेटा सावरत, काहीतरी महत्त्वाचं चाललंय हे ओळखून, मान ताठ करून उभा होता. नंदकुमारला वाटलं, बाविसाव्या वर्षी थांबलेल्या आपल्या मराठीला आज पहिल्यांदा बोलायला काही मिळालंय. ओळी आपोआप आल्या. हळू, जवळजवळ पुटपुटत तो म्हणाला,

"चिकपेटेत बांधला पेटा, जरीचा त्याला काठ,
ओवेनरावांचं नाव घेतो, सोडा आता वाट."

रम्या ओरडली, गिरीराजनं शिट्टी मारली. अक्कानं मात्र हात वर केला. "ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "मला नाही आलं आणि आत अण्णांना पण नाही आलं. टीव्हीवर एवढा बोलतोस, इथं आवाज कुठं गेला? परत घे."

एका टेकचा नंदू. त्यानं छाती भरून श्वास घेतला. पुण्यातल्या कुठल्याशा घरातली सिद्धीची आई त्याच्या डोळ्यांपुढं आली, जिला तो ओळखत नव्हता. बसच्या थांब्यावरची म्हातारी आली. फळ्यावरचं नदीकाठचं घर आलं. आणि त्यानं दोन्ही ओळी पुन्हा म्हटल्या, अशा खणखणीत की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई कठड्याशी येऊन उभी राहिली. रम्यानं चौकटीवरचे हात काढले. अक्का पदरानं डोळे पुसत हसत होती. आणि त्या सगळ्यातलं स्वतःचं नाव तेवढं कळलेला ओवेन, या गावात आल्यापासून शिकलेला एकुलता एक शब्द मोठ्यानं म्हणाला,

"सरी!"